पोपटाच्या पिल्लाला हात लावला तर आई टाकून देते?

“माणसाचा वास लागला की आई पिल्लाला घेत नाही”, हा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. लहानपणी आपल्या सगळ्यांना आजीनेही हेच सांगितलंय, त्यामुळे खरं वाटणं साहजिक आहे.

पण पक्षी आपलं पिल्लू वासावरून सोडून देत नाहीत, त्यांना ते कळतं आवाजावरून आणि घरट्याच्या जागेवरून. शहरात पोपट रेनट्रीच्या ढोलीत, नाहीतर जुन्या भिंतीच्या भोकात अंडी घालतात, तिथून फांदी छाटताना पिल्लू पडतं आणि लोक या भीतीने ते घरी नेऊन दूध-पोळी भरवतात, जे त्याला पचतच नाही.

खात्री करायचीय? पिसं नसलेलं पिल्लू रुमालात धरून त्याच ढोलीत ठेवा, पिसं फुटलेलं असेल तर जवळच्या उंच फांदीवर. मग लांब जाऊन तासभर बघा (खाली उभं राहून मोबाइल रोखला तर कोण येणार!). बहुतेक वेळा आधी वरून कर्कश ओरडा ऐकू येतो, मग चारा भरवणं सुरू.

जखमी असेल किंवा ढोलीच तुटली असेल तर खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. पिंजऱ्यात पाळू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.