मोनोई

मोनोई : नारळाच्या तेलात तियारे या फुलाच्या कळ्या मुरवून तयार केलेले, दक्षिण पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनीशिया या बेटसमूहातील सुवासिक तेल. केसांना व अंगाला लावण्यासाठी, तान्ह्या मुलांच्या मालिशसाठी आणि अलीकडे साबण, शांपू, मलमे यांचा घटक म्हणून त्याचा वापर होतो. ताहिती भाषेत एरवी कोणत्याही सुगंधी तेलाला मोनोई म्हणतात. ‘मोनोई द ताहिती’ हे नाव मात्र १९९२ पासून फ्रेंच कायद्याने संरक्षित आहे. तेल शुद्ध करण्याचे व बाटल्या भरण्याचे काम मुख्यतः ताहिती बेटावर चालत असले, तरी त्यासाठी लागणारे खोबरे मोठ्या प्रमाणावर तुआमोतू द्वीपसमूहातील कंकणद्वीपांवरून (प्रवाळाच्या कड्यासारख्या बेटांवरून) येते. नावात ताहिती असल्यामुळे ही गोष्ट सहसा झाकली जाते.

प्राचीनत्व : मोनोईची परंपरा दोन हजार वर्षांची असल्याचे विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत सर्रास सांगितले जाते. हा आकडा जपून घ्यावा लागतो. पूर्व पॉलिनीशियातील वसाहतीचा काळ पूर्वी बराच मागे नेला जात असे. पुढे किरणोत्सारी कार्बन कालमापनाच्या नमुन्यांची कसून छाननी झाली. लाकडाच्या जुन्या गाभ्यातून आलेले आणि संदर्भ पक्का नसलेले नमुने वगळल्यावर, ताहिती ज्यांत मोडते त्या सोसायटी बेटांवरील मानवी वस्तीचा आरंभ इ. स. च्या अकराव्या ते बाराव्या शतकाच्या सुमारास येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या फेरमांडणीला आता बहुतेक अभ्यासकांचा पाठिंबा आहे. ती मान्य केल्यास ताहितीतील मोनोई हजार वर्षांहून फारसे जुने असू शकत नाही. नारळाच्या तेलाला सुवास देण्याची कला पश्चिमेकडील सामोआ, टाँगा या बेटांवरून वसाहतकऱ्यांबरोबर आली असावी, एवढे मानण्यास जागा आहे. त्या बेटांवर वस्ती सु. २,८०० वर्षांपूर्वीपासून आहे आणि तशी तेले तेथेही होतात. दोन हजार वर्षांच्या दाव्यात तथ्य शोधायचेच झाले, तर ते ताहितीत नव्हे, या पश्चिमेकडील पूर्वपरंपरेत शोधावे लागेल.

नारळाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरील पाणथळ, हवाबंद थरांत टिकून राहिलेले नारळ सापडले असून त्यांचा काळ सु. सातवे शतक असा सांगितला गेला आहे. म्हणजे वस्तीचा अलीकडचा काळ धरला, तर नारळ माणसांच्या आधी तेथे होता असे म्हणावे लागते. नारळ माणसांनीच आणला असे धरले, तर वस्तीचा काळ मागे न्यावा लागतो. नारळ समुद्रात तरंगून दूर जातो व किनाऱ्यावर रुजतो, हे सर्वज्ञात आहे. त्यामुळे पहिला पर्याय अधिक सरळ वाटतो. मात्र आज कंकणद्वीपांवर दिसणाऱ्या जाड गराच्या, मोठ्या नारळांच्या जाती लागवडीतूनच पसरल्या, याबद्दल फारसे दुमत नाही. २०११ च्याच एका जनुकीय अभ्यासात लागवडीखालील नारळाचे पॅसिफिक व हिंदी महासागर–अटलांटिक असे दोन मोठे गट दाखवण्यात आले. त्यानुसार ताहितीचा माड पहिल्या गटात पडतो, तर भारताच्या किनाऱ्यावरील माड मुख्यतः दुसऱ्या गटात येतात.

तियारे : गार्डेनिया टायटेन्सिस. कुल रूबिएसी, कॉफी व अनंत याच कुलातले असून अनंत तर याच गार्डेनिया प्रजातीतला आहे. झुडूप सदाहरित, पाने चकचकीत, फुले पांढरी, चक्रासारखी पसरलेली, बहुधा सहा ते आठ पाकळ्यांची, बहर वर्षभर. वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८३० मध्ये वनस्पतीचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध करताना ताहितीवरून जातिनाम दिले. त्यामुळे ती मूळची तेथलीच, असा समज दृढ झाला. आधुनिक वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत वेगळे आहे. ताहितीत हे झुडूप रानात आपोआप वाढलेले आढळत नाही, फळे क्वचितच धरतात आणि लागवड फांद्यांपासून केली जाते. पश्चिमेकडे व्हानुआतूपासून टाँगापर्यंतच्या पट्ट्यात, विशेषतः चुनखडीच्या किनाऱ्यांवर, ते नैसर्गिक असावे व प्राचीन दर्यावर्दींनी पूर्वेकडे नेले असावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. रायातेआ बेटावरील तेमेहानी पठारावर उगवणारे ‘तियारे आपेताही’ हे दुर्मिळ फूल वेगळ्याच कुलातले असून मोनोईशी त्याचा संबंध नाही. प्रवासवर्णनांत या दोहोंची गल्लत होते.

लिखित उल्लेख : शुक्राच्या अधिक्रमणाच्या निरीक्षणासाठी १७६९ मध्ये जेम्स कुक यांच्याबरोबर ताहितीस आलेले निसर्गवैज्ञानिक जोसेफ बँक्स यांनी आपल्या रोजनिशीत या तेलाची नोंद केली आहे. स्थानिक लोक नारळाच्या तेलात सुवासिक लाकडे किंवा फुले घालून ते डोक्याला लावतात. पण तेल बहुधा खवट झालेले असते आणि लावणाऱ्याचा वास सुखद नसतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. हा दुसरा भाग माहितीपत्रकांत येत नाही. खवटपणाचे कारण उघड आहे : उन्हात काढलेल्या तेलात पाण्याचा व गराचा अंश राही. तेलाचा धार्मिक विधींशीही संबंध होता. मराए या पूजास्थानी देवप्रतीकांची वेष्टने सोडून त्यांना तेल लावीत आणि ती पुन्हा गुंडाळीत. प्रमुखांचे मृतदेह टिकवण्यासाठीही त्याचा उपयोग होई.

१७९७ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मप्रचारक ताहितीत आले. ख्रिस्ती धर्माकडे वळलेला राजा पोमारे दुसरा याच्या विजयानंतर (१८१५) जुने विधी बंद पडले आणि फुले माळणे व अंगाला तेल चोपडणे यांकडेही शंकेने पाहिले जाऊ लागले. गंमत अशी, की याच मिशनसाठी १८१८ मध्ये स्थापन झालेल्या साहाय्यक मंडळाला ताहितीचे लोक वर्गणी देत ती मुख्यतः खोबरेल तेलाच्या रूपाने. पुढे १८६०–७० च्या सुमारास पॅसिफिकमधील व्यापाऱ्यांनी तेलाऐवजी सुके खोबरे निर्यात करण्यास सुरुवात केली आणि तेल गाळण्याचे काम युरोपातील गिरण्यांकडे गेले. मोनोई घरगुती वापरापुरते उरले. व्यापारी उत्पादनाची पहिली ठळक पायरी म्हणजे १९४२ मध्ये ताहितीत सुरू झालेली तिकी ही सुगंधी द्रव्यांची पेढी.

कृती : पारंपरिक पद्धतीत पक्व नारळाचा चव खरवडून तो उन्हात ठेवतात. त्यात शंखवासी खेकड्याच्या पोटाचा मऊ भाग किंवा कोळंबीची डोकी कुटून मिसळतात. त्यांतील पाचक विकरांमुळे गराच्या पेशी फुटून तेल लवकर सुटते, असे स्पष्टीकरण दिले जाते. रोज ढवळून काही दिवसांनी वर आलेले तेल गाळून घेतात. फुले चवातच घालावीत की तेल निघाल्यावर, याबाबत बेटाबेटांत आणि घराघरांत फरक आहे. खेकड्याच्या वासाचे काय होते, असा प्रश्न वाचकाला पडेल. जुन्या पद्धतीच्या मोनोईला एक उग्र आंबूस छटा असते आणि जाणकार गिऱ्हाईक तीच शोधत येते.

कारखान्यातील तेल शुद्ध केलेले असते. १ एप्रिल १९९२ च्या फ्रेंच आदेशानुसार ‘मोनोई द ताहिती’ हे नाव लावण्यासाठीच्या अटी अशा : नारळ फ्रेंच पॉलिनीशियातील प्रवाळजन्य जमिनीवर वाढलेल्या माडांचे व पक्व असावेत, फुले तेथीलच तियारेची, कळीच्या अवस्थेत खुडलेली असावीत व खुडल्यापासून २४ तासांच्या आत तेलात पडावीत, दर लिटरला किमान १० फुले असावीत, ती किमान १० दिवस तेलात मुरावीत. उमललेल्या फुलाचा सुवास उडून गेलेला असतो, म्हणून कळीचा आग्रह. त्यासाठी खुडणी पहाटे, हाताने होते. फ्रान्समधील ग्रास येथे थंड चरबीच्या थरावर फुले पसरून सुवास शोषून घेत, त्या रीतीशी मोनोईची तुलना केली जाते. पण येथे फुले तेलात बुडवलेली असतात, म्हणून मुरवण म्हणणे अधिक योग्य. उत्तर भारतातील फुलेलाची रीत आणखी निराळी : तिथे तिळाचे व फुलांचे थर देऊन आधी तीळ सुगंधित करतात आणि मग घाण्यात घालतात.

लिटरला १० फुले हे प्रमाण कमीच आहे. त्याने येणारा वास मंद असतो आणि बाजारातील बहुतेक बाटल्यांत वरून सुगंधी द्रव्य घातलेले असते. कायद्याला त्याची हरकत नाही. प्रवाळजन्य जमिनीच्या अटीमागे तेलाच्या गुणवत्तेचे कारण सांगितले जाते. तेलातील मेदाम्लांचा, म्हणजे निम्म्याच्या आसपास असणाऱ्या लॉरिक अम्लाचा आणि इतरांचा, जमिनीशी इतका निकटचा संबंध असेल असे वाटत नाही. अटीचा खरा परिणाम आर्थिक आहे : ज्या कंकणद्वीपांवर दुसरे पीक जवळजवळ येत नाही, तेथील खोबऱ्याला या उत्पादनात वाटा राहतो. मोनोई सु. २४° से. च्या खाली गोठते. हिवाळ्यात खोबरेल तेल गोठते तसेच, आणि त्यात दोष नाही. उन्हात अंग तांबूस करण्यासाठी युरोपात ते खपते, परंतु अतिनील किरणांपासून त्याचे संरक्षण नगण्य आहे.

उपजीविका : तुआमोतूमध्ये खोबरे काढणे हा कौटुंबिक व्यवसाय आहे. माडाची जमीन बहुधा भाऊबंदकीत सामाईक असते व पाळ्या वाटून घेतल्या जातात. उंदीर चढू नयेत म्हणून खोडाभोवती पत्रा ठोकलेला असतो. खाली पडलेले नारळ गोळा करून कुऱ्हाडीने दोन भाग करतात, वाट्या उन्हात ठेवतात, गर वाकड्या पात्याने सोडवतात आणि सरकते छप्पर असलेल्या मांडवांवर वाळवतात. पोती बेटांदरम्यान फिरणाऱ्या मालवाहू जहाजांतून ताहितीवरील पापेएते बंदरात जातात. १९६८ पासून तेथील तेल गिरणी हे खोबरे घेते. खोबऱ्याचा दर सरकार ठरवते आणि जागतिक बाजारभावाशी असलेली तफावत सार्वजनिक निधीतून भरून निघते. ही व्यवस्था १९६७ पासूनची आहे. तो काळ लक्षात घेण्यासारखा आहे. मोरुरोआ व फांगाताउफा या कंकणद्वीपांवरील फ्रेंच अणुचाचण्यांच्या (१९६६–९६) कामावर त्याच सुमारास बेटांवरील तरुण रोजंदारीसाठी जाऊ लागले होते आणि माडबागा ओस पडत होत्या.

या गिरणीच्या तेलाचा थोडाच भाग मोनोईत जातो. बाकीचे कच्चे तेल परदेशी रवाना होते. तेव्हा कंकणद्वीपांवरील कुटुंबे मोनोईवर जगतात, हे विधान सैलपणेच खरे आहे. त्यांना प्रत्यक्ष आधार दराच्या अनुदानाचा आहे. संरक्षित नावामुळे त्या अनुदानाला एक कारण आणि एक प्रतिष्ठित गिऱ्हाईक मिळाले. तियारेच्या बागाईतदारांची गोष्ट निराळी. त्यांच्या कळ्यांना मोनोई व फुलांचे हार हीच मुख्य गिऱ्हाइके. पापेएतेच्या मंडईत वयस्क बायका घरी केलेले मोनोई बाटल्यांतून विकतात. त्यावर संरक्षित नावाची मोहोर नसते, पण स्थानिकांची पसंती बहुधा त्यालाच असते.

इतर प्रकार : पिताते (मोगऱ्याच्या वर्गातील फूल), तिपानिए (खुरचाफा), इलांग-इलांग, व्हॅनिला व चंदन घालूनही मोनोई होते. मार्केसस बेटांवर सुगंधी तेलाला पानी म्हणतात. तेथील चंदन सँटलम इन्सुलारे या जातीचे, भारतीय चंदनाहून वेगळे आहे. फातू हिव्हा बेटावरील स्त्रिया चंदनाचा भुगा, सुवासिक पाने व फुले एकत्र बांधून केसांत माळतात. तमानू तेल मोनोईबरोबर विकले जाते व पुष्कळदा त्याचाच प्रकार समजले जाते. ते वेगळ्या झाडाच्या बियांपासून काढतात. कॅलोफायलम इनोफायलम हे ते झाड कोकणच्या किनाऱ्यावर उंडी म्हणून परिचित असून तिचे कडवट, हिरवट तेल येथे दिव्यासाठी, होड्यांच्या लाकडासाठी आणि कातडीच्या विकारांवर वापरात होते.