पार्श्वभूमी : सेकंदाला २४ चित्रं कुठून आली?

जत्रेच्या कमानीवरचे दिवे पळताना दिसतात, पण एकही दिवा जागचा हलत नाही. शेजारशेजारचे दिवे ठरावीक अंतराने लागतात, विझतात. पळणं आपला मेंदू रचतो. जर्मनीतल्या प्रयोगांनी १९१२ साली हेच दाखवलं. तरी ‘आधीचं चित्र डोळ्यात रेंगाळतं म्हणून सिनेमा हलतो’ हे स्पष्टीकरण अजून शिकवलं जातं. चित्रं नुसती रेंगाळली असती, तर एकावर एक साचून सगळा काला झाला असता.

ॲनिमेशनमध्ये जास्त घोळ घातला तो २४ या आकड्याने. तो डोळ्याने ठरवलेला नाही. मूकपटांना एकच असा वेग नव्हता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला छापली जाऊ लागली आणि आवाज नीट यायला वेग स्थिर लागला. फिल्मचा खर्च आणि आवाजाचा दर्जा यांच्या तडजोडीतून २४ निघाले. डोळ्याचं तेवढ्यावर भागत नव्हतंच. लुकलुक जावी म्हणून प्रोजेक्टर प्रत्येक चित्र निदान दोनदा दाखवी. हाताने चित्रं काढणारे मात्र बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम, म्हणजे फिल्मच्या दोन चौकटी, धरत आणि सेकंदाला १२ चित्रांत काम उरकत.

संगणकाने हा आकडा तसाच उचलला, हे मला खटकतं. कॅमेऱ्याचं शटर उघडं असताना हात सरकला, तर तो पुसट उमटतो. संगणकाची फ्रेम कोरीव, म्हणून वेगवान वस्तू उड्या मारत गेल्यासारखी दिसे. १९८४च्या सुमारास ही पुसटता गणिताने फ्रेममध्ये घालणं जमलं. पुढे २०१२मध्ये एक मोठा चित्रपट ४८ फ्रेमने दाखवला, तर अनेकांना तो टीव्हीवरच्या चित्रीकरणासारखा वाटला. इतकी आपल्याला २४ची सवय!

त्यापेक्षा १९७३चा स्वीडनमधला प्रयोग मला मोलाचा वाटतो. अंधारात चालणाऱ्या माणसाच्या फक्त सांध्यांवरचे ठिपके दिसत. थांबलेले ठिपके निरर्थक; हलले की क्षणात माणूस ओळखू येई. खऱ्या माणसाची हालचाल संगणकात उतरवणारं तंत्र, मोशन कॅप्चर, तेही ती सांध्यांतूनच टिपतं. गोव्यातल्या कुणी घोडेमोडणीचा लोकनाच संगणकावर उभा करायचा म्हटला, तर लाकडी घोड्याच्या रंगकामाआधी नाचणाऱ्याचे गुडघे आणि कंबर ढोल-ताशावर नेमकी कधी उचलली जाते ते टिपावं. घोडा तर त्याच्या कमरेला बांधलेला. त्याची सगळी दौड नाचणाऱ्याच्या दोन पायांत असते.