औषधनिर्माता (भारतातील भूमिका)

औषधनिर्माता म्हणजे फार्मासिस्ट. औषधे तयार करणे, ती नीट साठवणे, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे देणे आणि ती कशी घ्यायची हे रुग्णाला समजावून सांगणे ही या नोंदणीकृत व्यावसायिकाची कामे मानली जातात. यांतले पहिले काम विसाव्या शतकात कारखान्यांकडे गेले आणि शेवटचे अजून त्याच्याकडे पुरते आलेले नाही. भारतातील या पेशाच्या बहुतेक अडचणी या दोहोंच्या मधल्या काळातल्या आहेत.

आयुर्वेदात औषध बनवणारा असा वेगळा माणूस नव्हता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. काढा उकळणे, भस्म करणे, गुटी वळणे हे वैद्याच्या किंवा त्याच्या शिष्यांच्या हातचे काम. काष्ठौषधींचा दुकानदार मुळ्या-साली विकी, पण योग, म्हणजे कोणती द्रव्ये किती मिसळायची हे, ठरवणारा वैद्यच. युनानी परंपरेत मात्र हकिमाने नुस्खा लिहायचा आणि अत्ताराने, म्हणजे औषधविक्याने, तो बांधून द्यायचा, अशी कामांची वाटणी होती. पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर ही वाटणी इथे अधिक ठळकपणे आली. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत औषधनिर्मितीचेही शिक्षण मिळे. ब्रिटिश अमलाखालच्या दवाखान्यांत हे काम कंपाउंडरकडे आले.

कंपाउंडर शिकत असे तो बहुधा डॉक्टरांच्या हाताखाली, पाहून पाहून. चिठ्ठीवर घटक आणि त्यांची मापे असत. त्याने मापाच्या पेल्यात टिंक्चर (औषधाचा मद्यार्कातला अर्क), सिरप आणि पाणी मोजून मिक्स्चर करायचे, खलात चूर्ण घोटून कागदाच्या पुड्या बांधायच्या, मलम सपाट सुरीने एकजीव करायचे. बाटली पुष्कळदा रुग्णच घरून धुऊन आणी. औषध भरून झाले की बाटलीला उभी कागदी पट्टी चिकटवली जाई. पट्टीच्या कडेला सारख्या अंतरावर खाचा कापलेल्या असत, आणि एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही सकाळी किती प्यायचे आणि रात्री किती उरले पाहिजे हे त्यावरून कळे. आजच्या स्ट्रिपवरची बारीक छपाई भिंगातूनही वाचवत नाही, हे पाहता ती पट्टी वरचढच म्हटली पाहिजे. तरी या व्यवस्थेत दोष मोठे होते. हाताखालच्या द्रव्याची शुद्धता तपासण्याचे साधन कंपाउंडरकडे नव्हते, आणि त्याचे स्वतःचे शिक्षण किती झाले आहे हेही कोणी तपासत नसे.

भेसळीची व कमअस्सल औषधांची ओरड वाढल्यावर सरकारने १९३० साली लेफ्टनंट कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. औषधांच्या दर्जावर नियंत्रण नाही आणि औषध देणाऱ्यांच्या शिक्षणाची सोय नाही, या दोन्ही गोष्टींवर समितीच्या १९३१ च्या अहवालाने बोट ठेवले. महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ पासून औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. १९४० साली औषधांचा कायदा झाला, आणि औषधे हाताळणाऱ्या माणसाविषयीचा फार्मसी कायदा १९४८ साली. या कायद्याखालच्या फार्मासिस्टांच्या पहिल्या नोंदवहीत पदवी-पदविकाधारकांबरोबर औषधे मिसळण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांनाही घेण्याची तरतूद होती. सगळ्या कंपाउंडरांना एका फटक्यात घरी बसवले असते तर दवाखानेच बंद पडले असते, म्हणून ही तडजोड शहाणपणाची होती. डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णांना औषध देण्याची मुभाही कायद्याने राखली. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत कंपाउंडर पुढेही टिकला तो या मुभेमुळे.

दरम्यान मिक्स्चरचेच दिवस भरत आले होते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे बनणारे पेनिसिलिन काही खलात घोटता येत नव्हते. गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शने मोहोरबंद येऊ लागली आणि दुकानातला खल फडताळावर गेला. पदवीधर फार्मासिस्ट कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि औषध प्रशासनात गेले. काउंटरवर राहिला तो मुख्यतः पदविकाधारक : दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. त्याच्या हातात आता कात्री होती, स्ट्रिप कापायला.

कायद्याच्या लेखी त्याचे महत्त्व कमी झाले नव्हते. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे, असे औषध नियम सांगतात. व्यवहारात मात्र ‘लायसन्स भाड्याने देणे’ हा प्रकार रुळला. प्रमाणपत्र एकाचे, दुकान दुसऱ्याचे आणि काउंटरवर बारावीही न झालेला तिसराच. गिऱ्हाईक ‘मेडिकलवाला’ म्हणून ज्याला ओळखते तो हा तिसरा. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्टची हजेरी, चिठ्ठी आणि बिल यांची तपासणी कडक केली, तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंदचे हत्यार उपसले. तपासणीचा जाच होत असल्याची त्यांची तक्रार होती. मात्र दुकान उघडे असताना फार्मासिस्ट हजर असावा ही अट तेव्हाही जुनीच होती.

रुग्णालयातल्या औषधभांडाराचे गांभीर्य १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ध्यानात आले. मेंदूवरचा किंवा डोळ्यांतला दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन पाजतात. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य मिसळलेले निघाले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. न्या. बी. लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांचा कारभार उघडा पाडला.

एकविसाव्या शतकात जुन्या अधिकारांपेक्षा नव्या जबाबदाऱ्या अधिक आल्या. २०१३ साली अधिसूचित झालेल्या ‘अनुसूची एच-१’मध्ये काही प्रतिजैविके, क्षयाची औषधे आणि सवय लावणारी औषधे आहेत. ती विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१८ पासून क्षयाची औषधे घेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणेही औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. खासगी डॉक्टरांकडे जाणारा जो क्षयरुग्ण सरकारी नोंदीत येत नाही, तो औषधाच्या दुकानात मात्र दरमहा येतोच. त्यामुळे ही कल्पना व्यवहार्य आहे.

२००८ साली फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला. त्याचे विद्यार्थी वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरतात, एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचा डोस तपासतात, दुष्परिणामांची नोंद करतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टच्या कर्तव्यांत घातले. औषध कसे घ्यायचे, डोस चुकला तर काय करायचे, ते कुठे ठेवायचे हे सारे त्यात येते. संध्याकाळी सात वाजता गर्दीने भरलेल्या दुकानात हे कोण सांगणार आणि त्याचे पैसे कोण देणार, यावर नियमावलीत उत्तर नाही. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतो. भारतात त्याला चिठ्ठीतल्या अनुसूचित (म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या यादीतल्या) औषधाच्या जागी तेच द्रव्य असलेली दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळीही नियमाने देता येत नाही. जेनेरिकच्या, म्हणजे मूळ द्रव्याच्या नावाने मिळणाऱ्या स्वस्त औषधांच्या, प्रचारात ही अडचण सहसा कोणी सांगत नाही.

औषध देताना फार्मासिस्ट रुग्णासमोर असण्याचा प्रश्न ऑनलाइन विक्रीने नव्याने उभा केला. केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये ई-फार्मसीसाठी नियमांचा मसुदा काढला, तर डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याशिवाय होणाऱ्या ऑनलाइन विक्रीला मनाई केली. गोदामात बसलेला फार्मासिस्ट चिठ्ठीचा फोटो तपासतो, रुग्ण त्याला दिसत नाही. टाळेबंदीत, २६ मार्च २०२० रोजी, परवानाधारक किरकोळ दुकानांना ई-मेलवर आलेल्या चिठ्ठीवरूनही घरपोच औषध देण्याची परवानगी मिळाली, मात्र त्याच महसुली जिल्ह्यात आणि एच-१ सारखी औषधे वगळून.