अमेरिकन इंडियन : नामविषयक वाद

उत्तर व दक्षिण अमेरिकेत युरोपीय वसाहतींच्या पूर्वीपासून राहणाऱ्या लोकसमूहांचा एकत्रित निर्देश कोणत्या नावाने करावा, यासंबंधीचा वाद. शेकडो भाषा बोलणाऱ्या या समूहांना युरोपीयांच्या आगमनापूर्वी स्वतःसाठी एक समाईक नाव असल्याचा पुरावा मिळत नाही. वादाचे मूळ बहुतांशी येथेच आहे. मराठीत ‘रेड इंडियन’ ही संज्ञा दीर्घकाळ रूढ होती. ती आता टाळणेच योग्य.

‘इंडियन’ हे नाव ख्रिस्तोफर कोलंबस याच्या १४९२ मधील सफरीपासून चालत आले. आपण आशियाच्या पूर्व टोकाशी पोहोचलो, या समजुतीने त्याने १४९३ च्या पत्रात बेटांना ‘इंदियास’ व तेथील लोकांना ‘इंदिओस’ म्हटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाची दुसरी एक व्युत्पत्ती लोकप्रिय झाली. तिच्यानुसार कोलंबसाने या लोकांना ‘इन दिओस’, म्हणजे ‘ईश्वरातील लोक’, म्हटले आणि भारत तेव्हा ‘हिंदुस्थान’ म्हणूनच ओळखला जात असल्याने त्याच्याशी या नावाचा संबंध नाही. ही उपपत्ती स्वीकारणे कठीण आहे. सिंधू नदीच्या नावावरून आलेले ‘इंडिया’ हे रूप ग्रीक व लॅटिन ग्रंथांत प्राचीन काळापासून आढळते, प्राचीन भूगोलज्ञ टॉलेमी याच्या भूगोलात गंगेच्या अलीकडचा व पलीकडचा असे दोन ‘इंडिया’ आहेत, आणि शुद्ध स्पॅनिशमध्ये ‘इन’ऐवजी ‘एन’ हे शब्दयोगी रूप येते. कोलंबसाला आपली चूक अखेरपर्यंत उमगली नाही, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. तथापि १४९८ च्या तिसऱ्या सफरीत त्याने ‘दुसऱ्या जगा’चा उल्लेख केलेला असल्याने याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. चूक सर्वमान्य झाल्यावरही नाव टिकले, कारण स्पेनच्या राज्यकारभारात ते रुळले होते. १५२४ मध्ये स्थापन झालेले वसाहतींचे वरिष्ठ मंडळही ‘इंदियास’चेच होते.

‘रेडस्किन’ (लाल कातडीचा) या शब्दाचा उगमही वादग्रस्त आहे. तो गोऱ्या वसाहतकारांनी तुच्छतेने दिला, असा सर्वसाधारण समज आहे. भाषावैज्ञानिक आयव्हस गॉडर्ड यांनी मात्र तो अठराव्या शतकात मूळ रहिवाशांच्याच भाषणांच्या फ्रेंच अनुवादांतून आल्याचे दाखविले. हे मत साधार दिसते. परंतु त्यामुळे त्या शब्दाला पुढे चिकटलेला अपमान पुसला जात नाही. ‘अमेरिकन’ व ‘इंडियन’ यांच्या जोडातून बनलेली ‘अमेरिंड’ ही संज्ञा १८९९ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या मानवशास्त्रीय वर्तुळात पुढे आली; तिचे ‘अमेरिंडियन’ हे रूप गयानाच्या कायद्यात आहे.

संयुक्त संस्थानांत १९६० नंतर ‘नेटिव्ह अमेरिकन’ हे नाव पसरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेच नाव स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या, तेथेच जन्मलेल्या गोऱ्या प्रॉटेस्टंटांच्या पक्षाने धारण केले होते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. १९९५ च्या शासकीय पाहणीत संबंधित लोकांपैकी सुमारे ५० टक्क्यांनी ‘अमेरिकन इंडियन’ला, तर सुमारे ३७ टक्क्यांनी ‘नेटिव्ह अमेरिकन’ला पसंती दिली. संविधान व अनेक करार यांत ‘इंडियन’ हाच शब्द असल्याने त्याला कायदेशीर वजन आहे, आणि १९६८ मध्ये मिनीॲपोलिस येथे सुरू झालेल्या ‘अमेरिकन इंडियन मूव्हमेंट’ या हक्कांच्या चळवळीनेही तो आपल्या नावात ठेवला.

कॅनडात १८७६ चा ‘इंडियन ॲक्ट’ लागू असला, तरी व्यवहारात ‘फर्स्ट नेशन्स’, ‘इन्युइट’ (उत्तर ध्रुवीय प्रदेशातील लोक) व ‘मेती’ (मूळ रहिवासी व युरोपीय यांचे मिश्रवंशीय) ही नावे वापरतात. ‘एस्किमो’ हे नाव तेथे मागे पडले. अलास्कातील युपिक मात्र इन्युइट नसल्याने ‘इन्युइट’ हा त्याला सर्वत्र पर्याय ठरत नाही.

लॅटिन अमेरिकेत ‘इंदिओ’ बहुधा हिणकस मानतात. पेरूने १९६९ मध्ये ‘इंदिओ दिना’ला ‘शेतकरी दिन’ केले. बोलिव्हियाच्या २००९ च्या संविधानात ‘इंदिहेना’ (देशज), ‘ओरिहिनारिओ’ (मूळचे) व ‘काम्पेसिनो’ (शेतकरी) हे तिन्ही शब्द जोडून घेतले आहेत. ब्राझीलनेही २०२२ मध्ये आपल्या अशाच दिनाचे नाव बदलले.

जेथे शक्य असेल तेथे त्या त्या समाजाचे स्वतःचे नाव वापरावे, हे मत अलीकडे बळावले असून ते अधिक ग्राह्य वाटते: इरोक्वाऐवजी हॉडेनोशोनी, पापागोऐवजी तोहोनो ओओधाम. मात्र येथेही एकवाक्यता नाही. विस्कॉन्सिनमधील विनेबेगो समाजाने १९९४ मध्ये ‘हो-चंक’ हे नाव अधिकृत केले, तर त्याच लोकांच्या नेब्रास्कातील शाखेने ‘विनेबेगो’ हेच नाव कायम ठेवले आहे.