चांदोमामा नक्की कुणाचा भाऊ?

मागच्या कोजागिरीला पंचवटीत आमच्या गच्चीवर दूध आटत होतं, तेव्हा शेजारच्या पोराने विचारलं, काका तो चंद्रावरचा ससा काळा का आणि बाकीचा चंद्र पांढरा का? म्हटलं पांडवलेणी चढलायस ना, तिथला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, ससा त्याच जातीच्या दगडाचा, लाव्हा थिजून झालेला. हे त्याला लगेच पटलं. पांढऱ्याचं सांगायला गेलो आणि दूध तळाला लागलं, कारण ती स्टोरी बरीच लांबून सुरू होते.

चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज, हा भरती-ओहोटीचं गणित करत बसायचा. त्याच्या लक्षात आलं की चंद्र लांब लांब चाललाय (आता लेझरने मोजतात, वर्षाला साधारण ३.८ सेंटीमीटर), म्हणजे उलटं मोजत गेलं की तो कधीतरी पृथ्वीला चिकटलेलाच असणार. मग १८७९ च्या सुमाराला त्याने मांडलं की पृथ्वी वितळलेली असताना इतकी गरगर फिरायची की तिचा एक लचका तुटून उडाला. १८८२ मध्ये ऑस्मंड फिशरने त्यावर कळस चढवला, म्हणे पॅसिफिक महासागर हा त्या लचक्याचाच व्रण! ऐकायला झकास, पण पॅसिफिकचा तळ २० कोटी वर्षांचाही नाही आणि चंद्र ४५० कोटींच्या आसपास.

दुसरी पार्टी म्हणायची तो भाऊ, दोघं शेजारी शेजारीच तयार झाले. आपलं मामा म्हणणं यात बसतं, पण मग भावाकडे लोखंड एवढं कमी कसं? पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.५ पट, चंद्राची ३.३ पट, त्याचा लोखंडी गाभा अगदीच किरकोळ. तिसरी पार्टी म्हणायची पाहुणा, जवळून जाताना अडकला. आता पाहुण्याला ब्रेक कोणी लावला ते विचारू नका.

१९४६ मध्ये रेजिनाल्ड डेली नावाच्या भूवैज्ञानिकाने सरळ धडकेची आयडिया मांडली होती, कोणी ढुंकून बघितलं नाही. मला वाटतं त्या काळात अचानक काहीतरी आदळून जग बदललं असं म्हणणं लोकांना पोथीपुराणातलं वाटायचं, चंद्रावरचे खड्डेसुद्धा ज्वालामुखीचे आहेत असं बरेच जण मानायचे.

मग अपोलोवाल्यांनी सहा खेपांत ३८२ किलो दगड-माती आणली आणि त्यात सापडले पांढरे तुकडे, अनॉर्थोसाइट, म्हणजे बहुतेक फेल्डस्पार नावाच्या खनिजाचाच खडक. इथे दुधाकडे बघा. आटताना वर साय धरते ना, तसंच. अख्खा चंद्र वरून शेकडो किलोमीटर खोल वितळलेला होता, जड खनिजं तळाला बसली, हलकं फेल्डस्पार तरंगून वर आलं आणि थिजलं, तो पांढरा चंद्र म्हणजे ती साय. ससा नंतरचा, सायीतल्या मोठ्या खड्ड्यांत खालून लाव्हा भरला तो.

पण एवढी आच कुठून आली? १९७५ मध्ये हार्टमन आणि डेव्हिस, १९७६ मध्ये कॅमेरॉन आणि वॉर्ड, दोन्ही जोड्या धडकेवरच आल्या. मंगळाएवढा एक ग्रह तिरका येऊन आदळला, त्याचं लोखंड पृथ्वीच्या गाभ्यात गेलं आणि बाहेर उडालेल्या खडकाच्या वाफेतून, चिखलातून चंद्र जमला, म्हणून त्याच्याकडे लोखंड नाही, हिशोब जुळला. १९८४ मध्ये हवाईतल्या कोना गावी परिषद झाली आणि तिथून हीच थिअरी पुढे आली. त्या ग्रहाला पुढे थिया नाव पडलं, ग्रीक पुराणातली चंद्रदेवीची आई. म्हणजे चंद्र भाऊ नाहीच, दोघींचं लेकरू.

एकदा धडक मान्य झाली म्हटल्यावर सगळीकडे दिसायला लागली, युरेनस ९८ अंशात आडवा पडलाय तो धडकेने, प्लूटोचा चंद्र शॅरन धडकेतून, बुध नुसता गाभाच उरल्यासारखा तोही बहुतेक धडकेमुळेच. सगळं काही सिद्ध नाही हां.

चंद्राचंही एक कुसळ अजून सलतंय. थिया परकी होती तर चंद्राच्या दगडातल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण पृथ्वीवरच्या प्रमाणाशी जवळपास तंतोतंत कसं जुळतं? २०१२ मध्ये यावर दोन वेगळी मॉडेल आली, एकात पृथ्वी खूप जोरात फिरत होती, दुसऱ्यात दोन्ही ग्रह साधारण सारख्या वजनाचे होते, वाद चालूच आहे.

साय मात्र पक्की. अपोलोचे सगळे दगड चंद्राच्या मधल्या पट्ट्यातले, म्हणून साय सगळीकडे आहे का अशी शंका होती. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडे उतरलं, प्रज्ञान रोव्हर १०३ मीटर फिरला, त्याने २३ ठिकाणी माती तपासली, आणि तिथेही तेच निघालं, अनॉर्थोसाइट.