यकृतातील पू कशाचा? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सांगली-मिरज परिसरात ‘लिव्हरला पू झालाय’ असे कोणी म्हणाले, की पाठोपाठ ‘सोनोग्राफीत दिसला’ हेही बहुधा कानावर येते. पू आहे की नाही, एवढे आज तालुक्याच्या गावीसुद्धा काही मिनिटांत कळते. तो अमीबा या एकपेशी परजीवीमुळे झाला की जिवाणूंमुळे, हे मात्र पडद्यावरच्या काळसर डागावरून सहसा सांगता येत नाही.

यकृतातील गळू डागून उघडल्यावर पांढरा, स्वच्छ पू आला तर रोगी जगतो आणि तेलाच्या गाळासारखा आला तर दगावतो, असे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या सूत्रांत म्हटले आहे. पुवाच्या रूपावरून भाकीत करण्याची ही रीत पुढे दोन हजार वर्षे टिकली, कारण दुसरे साधनच नव्हते. १८९४ साली विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय मिरजेत उभे राहिले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागायचा होता. थंडी वाजून येणारा ताप, उजव्या कुशीतले दुखणे, बरगड्यांच्या फटीत एका बोटाने दाबताच रोग्याने कळवळणे, आणि शेवटी अंदाजाने घातलेली सुई, एवढ्यावरच त्या काळी कोणत्याही डॉक्टरला निदान करावे लागे.

त्याच सुमारास अमीबाने सगळे लक्ष वेधून घेतले. आमांश आणि यकृतातील गळू यांचे नाते हिंदुस्थानातील लष्करी डॉक्टरांना आधीपासून परिचित होते; १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या कौन्सिलमन आणि लाफ्लर यांनी त्यामागील अमीबाचे सविस्तर वर्णन केले आणि १९१२ मध्ये कलकत्त्याच्या लिओनार्ड रॉजर्स यांनी त्यावर एमेटिनचे इंजेक्शन वापरात आणले. यकृतात पू म्हणजे अमीबा, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के बसले ते तेव्हापासून, आणि माझ्या मते जिवाणूजन्य गळूचे निदान मागे पडण्यास ते बरेच कारणीभूत आहे.

या दुसऱ्या प्रकाराचे गांभीर्य १९३८ मध्ये ऑक्सनर, डीबेकी आणि मरे यांनी न्यू ऑर्लिन्समधून मांडले. त्यांच्या ४७ रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दगावले होते. अपेंडिक्स सडून तिथले जंतू प्रवेशिनी शिरेवाटे (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेवाटे) यकृतात पोहोचणे, हे तेव्हाचे मुख्य कारण होते. आज पित्ताचे खडे आणि पित्तनलिकेतील अडथळा यांचा क्रम वर लागतो. १९५३ मध्ये हाँगकाँगच्या मॅकफॅडझिन यांनी पोट न उघडता सुईने पू काढून, जोडीला प्रतिजैविके देऊन रुग्ण बरे केले; पण सुई नेमकी कुठे घालायची हे सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन येईपर्यंत दिसत नव्हते, म्हणून ती पद्धत सार्वत्रिक व्हायला आणखी काही दशके गेली.

दरम्यान मेट्रोनिडाझोल आले. हे औषध अमीबाला मारते, तसेच प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंनाही मारते, ई. कोलाय आणि क्लेबसिएला या आतड्यात आढळणाऱ्या जिवाणूंवर मात्र त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे मिश्र जंतूंच्या गळूत ताप थोडा उतरतो, अमीबाच होता अशी सर्वांची समजूत होते आणि दहा दिवसांनी रोगी पुन्हा हुडहुडत येतो. रक्तातील अमीबाविरोधी प्रतिपिंडांची तपासणी मदत करते, परंतु जुना संसर्ग होऊन गेल्यावरही ती पुढे कित्येक वर्षे होकारार्थी येऊ शकते.

१९८० च्या दशकात तैवानमधून आलेल्या नोंदींनी आणखी एक भर घातली. पित्ताशय धड, आतडे धड, पण मधुमेह असलेल्या रुग्णांत एकट्या क्लेबसिएलामुळे गळू होत होते आणि काहींच्या डोळ्यांपर्यंत संसर्ग जाऊन दृष्टी जात होती. म्हणूनच यकृतातील गळूबरोबर साखर तपासणे, आणि दृष्टी अंधूक झाली आहे का हे विचारणे, आता निदानाचाच भाग मानले जाते.

सुईतून आलेला पू चॉकलेटी आणि बिनवासाचा असेल तर अमीबाकडे, पिवळसर आणि घाण वासाचा असेल तर जिवाणूंकडे संशय जातो. पण हिपोक्रेटिसप्रमाणे तिथेच थांबता येत नाही. अमीबा पुवात क्वचितच सापडतो, कारण तो गळूच्या भिंतीलगत असतो. उलट पुवात काहीच वाढले नाही, म्हणून जिवाणू नव्हते असेही ठरत नाही, कारण हवा लागताच मरणारे जंतू प्रयोगशाळेपर्यंत टिकत नाहीत. त्यासाठी सिरिंजमधली हवा आधी काढून टाकावी लागते, नमुना लगेच पाठवावा लागतो, आणि रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी घ्यावे लागते. गावातल्या दवाखान्यात तो डोस मात्र बहुतेकदा आधीच देऊन झालेला असतो.