हेडलाइटचे वाढीव बल्ब

वाहनासोबत आलेला हेडलाइटचा बल्ब काढून त्या जागी बाजारातला जास्त उजेडाचा बल्ब बसवण्याची प्रथा. विदर्भाच्या ग्रामीण भागात मोटरसायकल, ट्रॅक्टर, बोलेरो आणि काळीपिवळी जीप या सगळ्यांत ती रूढ आहे. काम बहुधा तालुक्याच्या गावी, बॅटरी आणि वायरिंगच्या दुकानात होते.

गरज खरी आहे. तालुक्याचे गाव मागे पडले की रस्त्यावर दिवा नसतो. कृषिपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते, त्यामुळे ओलितासाठी रात्री वावरात जावे लागते. पीक उभे असताना जागलीला जाणारे वेगळेच. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा यांच्या आसपासच्या रस्त्यांवर रोही (नीलगाय), रानडुक्कर किंवा चितळ केव्हाही आडवे येते. त्यात कापसाने भरलेली, मागे दिवा नसलेली बैलगाडी. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या झोतावर, साधारण ४० ते ६० मीटरपर्यंतचे नीट दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगात चालकाचे भान आणि ब्रेक मिळून गाडी थांबायला कोरड्या डांबरावर सुमारे ४५ मीटर लागतात, ८० च्या वेगात ७० च्या आसपास. म्हणजे ८० ने जाणारा चालक दिसण्याच्या हद्दीपलीकडे गाडी पळवत असतो आणि दोष बल्बला देतो.

बल्ब आणि डूम

चारचाकीत सर्वाधिक आढळणारा हॅलोजन बल्ब एच-४ जातीचा असतो. तो युरोपात १९७१ साली आला. त्यात दोन फिलामेंट असतात, अप्परसाठी (दूरच्या झोतासाठी) ६० वॅटचे आणि डिपरसाठी ५५ वॅटचे. प्रमाणित चाचणीत, म्हणजे १३.२ व्होल्टवर, त्यांचा प्रकाश अनुक्रमे १६५० आणि १००० ल्युमेनच्या आसपास भरतो. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे डुमाचा, म्हणजे बल्बभोवतीच्या चकचकीत परावर्तकाचा, वरचा अर्धा भागच उजळतो आणि झोत रस्त्याकडे झुकतो. भिंतीवर उजेडाची जी सरळ कडा दिसते ती या वाटीचीच करामत. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात म्हणून ही कडा डाव्या अंगाला थोडी वर चढते आणि रस्त्याकडेचा माणूस दिसतो. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशासाठी घडवलेला डूम इथे लावला तर ती चढण नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते.

सगळा हिशेब फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. ते एखाद-दोन मिलिमीटर सरकले तरी कडा विस्कटते. बल्बचे वॅट पाहून खरेदी करणाऱ्याच्या लक्षात नेमके हेच येत नाही.

काय लावतात

सगळ्यात जुना उपाय १००/९० वॅटचा हॅलोजन. उजेड वाढतो हे खरे, पण १२ व्होल्टवर एका बल्बला पाचाऐवजी आठ अँपिअरहून जास्त करंट लागतो, दोन्ही मिळून सोळा-सतरा. जुन्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. मग स्विच तापतो, होल्डर तपकिरी होऊन ठिसूळ पडतो, प्लास्टिकचा डूम आतून काळवंडतो. फ्यूज वारंवार उडू लागला की जास्त अँपिअरचा टाकतात, किंवा त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. त्यानंतर जळते ती वायरिंग. बरा कारागीर असे बल्ब लावताना बॅटरीवरून थेट जाड वायर, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वेगळा फ्यूज आणि चिनी मातीचा होल्डर यांचे किट बसवतो, जुन्या स्विचला फक्त रिले चालवायला ठेवतो.

गंमत अशी की हेच किट मूळ ६०/५५ बल्बला लावले तरी पुष्कळदा काम भागते. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे १३.२ ऐवजी १२.२ व्होल्ट पोचले तर जवळजवळ पाव प्रकाश गेला. दहा-बारा वर्षांच्या जीपमध्ये गंजलेले अर्थिंग आणि सैल सॉकेट एवढा व्होल्ट सहज खातात. बल्ब पेटता ठेवून मल्टिमीटर बॅटरीवर एकदा आणि होल्डरवर एकदा धरला की फरक समोर येतो. नव्या बल्बच्या पैशांआधी ही तपासणी व्हायला हवी. ती क्वचित होते, कारण तिच्यात विकायला काही नसते.

डब्यावर ‘प्लस’ आणि मोठी टक्केवारी छापलेले हॅलोजनही मिळतात. त्यांचे वॅट तेवढेच असतात, फिलामेंट बारीक आणि आटोपशीर असते. टक्केवारी रस्त्याच्या ठरावीक पट्ट्यावर मोजलेली असते, एकूण प्रकाशावर नव्हे, आणि आयुष्य कमी होते. कोणताही हॅलोजन बसवताना काचेला बोट लावायचे नसते. बोटाचा तेलकटपणा तापून काच तिथेच कमजोर होते.

एचआयडीची (फिलामेंटऐवजी वायूतल्या ठिणगीने उजळणाऱ्या झेनॉन बल्बची) लाट ओसरली, आता चलती एलईडीची. ते करंट कमी घेतात, वायरिंगवर भार टाकत नाहीत. अडचण मापाची आहे. चिपची जागा फिलामेंटशी तंतोतंत जुळली नाही, किंवा खालची वाटी नसली, तर डिपरसुद्धा अप्परसारखा फुटतो. चालकाला गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लखलखीत दिसतात, म्हणून तो खूश असतो. पण जवळच्या उजेडाला डोळा सरावला की दूरचे उलट कमी दिसते. स्वस्त एलईडी सहा हजार केल्व्हिनच्या आसपासचा निळसर पांढरा प्रकाश देतात (हॅलोजनचा तीन हजारांच्या थोडा वर). हिवाळ्यातल्या धुक्यात आणि ओल्या काळ्या डांबरावर चालकांना पिवळटच बरा वाटतो. मागच्या पंख्यामुळे रबरी टोपण बसत नाही म्हणून ते कापतात. कपाशीच्या वावरातली धूळ आणि पावसाचे पाणी मग त्याच वाटेने डुमात शिरते.

मोटरसायकलवर मूळ बल्ब बहुधा ३५/३५ वॅटचा एचएस-१ असतो. त्याची बैठक एच-४ पेक्षा थोडी वेगळी, तरी कानशीने पत्रा घासून ६०/५५ बसवणारे आहेत. बऱ्याच जुन्या मोटरसायकलींचा हेडलाइट थेट इंजिनच्या एसी करंटवर चालतो आणि रेस कमी होताच मंदावतो. जास्त वॅटचा बल्ब हे आणखी वाढवतो. अशा लाइनवर डीसीचा एलईडी थेट जोडला तर तो लुकलुकतो किंवा लवकर जातो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप पेटतो, त्यामुळे चुकीचा बल्ब दिवसाही समोरच्याला त्रास देत राहतो.

काच आणि नेम

नव्या गाड्यांची हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची असते. विदर्भात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, गाडी दिवसभर उन्हात उभी असते, आणि काही वर्षांत काच पिवळट, धुरकट होते. तिच्यातून कितीही मोठा बल्ब टाका, उजेड विखुरतोच. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, मग कंपाउंड, आणि वर ऊन अडवणारा थर दिला की फरक लगेच कळतो.

फोकसचा नेम भिंतीसमोर सपाट जागी बांधतात. डिपरची कडा दहा मीटरवर दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली हवी. मागे सोयाबीनची पोती भरली की गाडीचे नाक वर होते आणि नेम बिघडतो. बऱ्याच कारमध्ये त्यासाठी डॅशबोर्डवर शून्य ते तीनची चकती असते. ती फिरवणारा क्वचित भेटतो.

कायदा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेले सुटे भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १०६ अधिक नेमका आहे. दिव्यापुढे ८ मीटर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. समोरून येणाऱ्या मोटरसायकलस्वाराचा डोळा साधारण तिथेच असतो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत वेगळीच तक्रार ऐकू येते. मळणी आणि नांगरणीसाठी मडगार्डवर लावलेला मागचा पांढरा फोकस डांबरी रस्त्यावरही चालू राहतो. मागे लाल दिवा दिसण्याऐवजी पांढरा दिसल्याने पाठीमागून येणाऱ्याला ट्रॅक्टर समोरून येतोय असे वाटते, आणि त्या झगमगाटात ट्रॉली दिसतच नाही. या फोकसला वेगळे बटण बसवून घेतात आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर लाल परावर्तक पट्टी चिकटवतात.